स्प्रूसला ऊब मानवते का?

१९९०च्या दशकात इंग्लंडमधल्या रेडिंग इथल्या युरोपीय हवामान अंदाज केंद्राच्या संगणकीय प्रारूपात एक चूक हटकून व्हायची. हिवाळा सरताना उत्तरेकडच्या जंगलपट्ट्यावरची हवा ते प्रत्यक्षापेक्षा बरीच गार दाखवायचं. प्रारूपाला एवढंच शिकवलेलं होतं की जमिनीवर बर्फ पडला की ती पांढरी होते आणि अंगावर पडणाऱ्या उन्हाचा ८० टक्क्यांपर्यंत भाग परत फेकते. माळावर ते खरंही आहे. पण कॅनडा किंवा सायबेरियाचं जंगल म्हणजे माळ नव्हे. तिथे उभा असतो स्प्रूस. निमुळत्या शेंड्याचा, फांद्या खाली झुकलेला. त्याच्यावर बर्फ फार काळ ठरत नाही. घसरून किंवा वाऱ्याने उडून तो झाडाखाली जातो आणि वरून पाहणाऱ्या सूर्याला दिसतो तो काळपट हिरवा, जवळजवळ काळाच रंग.

१९९४ आणि १९९६ मध्ये कॅनडातल्या सॅस्कॅचवान आणि मॅनिटोबा प्रांतांत ‘बोरियस’ नावाचा मोठा प्रयोग झाला. नासा आणि कॅनडातल्या संस्थांनी जंगलात मनोरे उभारले, वरून विमानं फिरवली. प्रयोगाचे एक म्होरके होते पीअर्स सेलर्स, जे पुढे अंतराळवीर झाले आणि तीन वेळा शटलमधून वर जाऊन आले. मनोऱ्यांवरच्या मोजणीतून दिसलं की बर्फाळ स्प्रूसवन जेमतेम पाचवा हिस्सा ऊन परत पाठवतं, कधी त्याहूनही कमी. प्रारूपातला आकडा ०.८ वरून ०.२ वर आणला गेला आणि वसंतातली ती खोटी थंडी बरीचशी ओसरली. झाडाची ठेवण समजून न घेतल्याने अर्ध्या गोलार्धाचं हवामान चुकत होतं.

उत्तरेच्या जंगलाबद्दल आणखी एक सोपा हिशेब शंभरेक वर्षं गृहीत धरला गेला आहे. हे झाड थंडीने बांधलेलं आहे, वाढीचा हंगाम तोकडा, जमीन गोठलेली. थंडी कमी झाली की झाड जोमाने वाढेल, उत्तरेकडे सरकेल, हवेतला कार्बन जास्त ओढेल. हिशेब इतका साधा की तो तपासावा असं फारसं कुणाला वाटलं नाही. गेल्या तीसेक वर्षांतलं स्प्रूसवरचं बरंचसं चांगलं संशोधन म्हणजे हा हिशेब कुठे कुठे फसतो त्याची नोंदवही आहे. गंमत अशी, की अगदी अलीकडे त्याच्यातला एक भाग खराही ठरला.

आधी झाडाची ओळख. महाराष्ट्रात सुईसारखी पानं दिसली की आपण त्याला ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मोकळे होतो. बंगल्याच्या आवारात असतो तो बहुधा अरौकारिया आणि कोकणच्या किनाऱ्यावरचं सुरूचं बन तर सूचिपर्णी कुळातलंही नाही. स्प्रूसच्या पस्तीसेक जाती आहेत. आपल्या ओळखीची म्हणायची तर पश्चिम हिमालयातली ‘रई’. कुलू-मनालीकडे भटकणाऱ्या मराठी ट्रेकरने ती देवदाराच्या शेजारी पाहिलेली असते, फक्त नाव विचारलेलं नसतं. तिथेच वाढणाऱ्या ‘तोष’पासून ती वेगळी काढायची साधी खूण आहे. तोषाचे शंकू फांदीवर मेणबत्तीसारखे ताठ उभे असतात, रईचे खाली लोंबतात. या लेखात मुख्यतः चार जाती येतील: अमेरिकेच्या उत्तरेतले पांढरा आणि काळा स्प्रूस, पूर्वेच्या डोंगरांतला तांबडा आणि युरोपातला नॉर्वे स्प्रूस.

हिशेबाला पहिला तडा गेला तो वलयांच्या अभ्यासात. थंड प्रदेशात झाडाचं वाढवलय उबदार वर्षी रुंद आणि दाट, गार वर्षी अरुंद. म्हणून थर्मामीटर नव्हता त्या शतकांचं तापमान काढायला उत्तरेची झाडं वापरली जात. १९९५ मध्ये गॉर्डन जेकोबी आणि रोझॅन डी’अरिगो यांनी अलास्कातल्या पांढऱ्या स्प्रूसबद्दल काहीतरी बिनसल्याचं लिहिलं. १९९८ मध्ये कीथ ब्रिफा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ही एका जागेची गोष्ट नाही. साधारण १९६० नंतर थर्मामीटर चढतो आहे आणि उत्तरेच्या अनेक झाडांची वलयं मात्र त्याच्या मागोमाग जात नाहीत. ‘फारकत’ या नावानेच हा प्रश्न ओळखला जातो. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या हवामानशास्त्रज्ञांच्या ईमेल फोडल्या गेल्या तेव्हा जो गदारोळ झाला, त्यातला एक धागा या घसरणीचाच होता. आरडाओरडा करणाऱ्यांनी ती लपवलेली गोष्ट असल्यासारखी मांडली. प्रत्यक्षात ती अकरा वर्षं आधी ‘नेचर’मध्ये छापून आली होती.

कारणाचा एक मोठा तुकडा २००० मध्ये हाती आला. व्हॅलेरी बार्बर, ग्लेन जूडे आणि ब्रूस फिनी यांनी मध्य अलास्कातल्या पांढऱ्या स्प्रूसची वलयं तपासून सांगितलं की झाडाला ऊब नकोशी झालेली नाही, त्याला पाणी पुरत नाही. फेअरबँक्सच्या आसपास पाऊस मुळात कमी. उन्हाळा तापला की पानांतून पाणी उडतं, मुळांतून तेवढं येत नाही, झाड पर्णरंध्रं मिटून घेतं आणि वाढ थांबते. चार वर्षांनी मार्टिन विल्मकिंग आणि सहकाऱ्यांनी अलास्काच्या वृक्षरेषेजवळच्या तेरा ठिकाणची १,५५८ झाडं पाहिली. जवळपास ४० टक्के झाडांची वाढ कडक जुलैमध्ये मंदावत होती, तर ३६ टक्के झाडांना उबदार वसंत लाभत होता. एकाच उतारावर, एकाच जातीची, हाकेच्या अंतरावरची झाडं वेगवेगळं उत्तर देत होती. सरासरी काढली की दोन्ही उत्तरं एकमेकांना खाऊन टाकतात आणि हाती काहीच उरत नाही.

पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था आहे. तिथे हिमालयातल्या देवदार आणि रईच्या वलयांवर बरीच वर्षं काम झालं आहे. हेमंत बोरगावकर आणि सहकाऱ्यांच्या त्या कामातून आलेला निष्कर्ष अलास्काच्या कोड्याला जवळचा आहे. पश्चिम हिमालयातल्या या झाडांची वाढ मान्सूनपूर्व महिन्यांत, मार्च ते मे दरम्यान, उष्मा वाढला की रोडावते आणि त्या काळात पाऊस झाला की सुधारते. ज्याने एप्रिलातला रखरखीत उतार पाहिला आहे त्याला यात नवल वाटणार नाही. उत्तर ध्रुवाच्या जवळ मात्र ‘ऊब म्हणजे वाढ’ हे इतकं पाठ झालं होतं की तहानेकडे बघायला वेळ लागला.

मग झाड उत्तरेकडे सरकतंय की नाही? जगभरच्या १६६ वृक्षरेषांच्या नोंदी मेलानी हार्श आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एकत्र केल्या. ५२ टक्के ठिकाणी झाडं पुढे सरकली होती, मागे हटली फक्त एका टक्क्यावर. उरलेल्या जवळपास निम्म्या ठिकाणी मात्र तापमान वाढूनही रेषा जागची हलली नव्हती. नेमका त्या सुमारास अभ्यासकांचा सूर सावध झाला होता. आणि मग २०२२ मध्ये रोमन डायल यांच्या गटाने अलास्काच्या ब्रूक्स पर्वतरांगेपलीकडच्या टुंड्रात, जिथे झाड नाही असंच मानलं जात होतं तिथे, पांढऱ्या स्प्रूसची तरणी वस्ती शोधली. उपग्रहचित्रात बर्फावर पडलेल्या सावल्यांवरून आधी संशय आला, मग माणसं पायी गेली. ही वस्ती दशकाला चार किलोमीटरहून जास्त वेगाने उत्तरेकडे चालली आहे. एवढा वेग कुणाच्याही हिशेबात नव्हता. पण कारणं पाहा. उन्हाळ्यातली ऊब आहेच, तिच्याबरोबर बी दूर वाहून नेणारे हिवाळी वारे आहेत, रोपांवर पांघरूण घालणारा जाड बर्फ आहे आणि जमिनीत सुटणारी पोषकद्रव्यं आहेत. जवळच्या समुद्रावरचा गोठलेला थर घटल्याने हवेत बाष्प वाढलं, त्याचा इथे हात असावा असं डायल मांडतात. म्हणजे पुढे सरकणाऱ्या झाडालाही नुसत्या उबेने पुरत नाही. पाणी लागतं, मग ते बर्फाच्या रूपात का होईना.

वलयं आणि रेषा मागचं सांगतात. पुढचं पाहायचं तर जंगल तापवून बघायला हवं, आणि हा आचरटपणा खरोखर केला गेला. मिनेसोटात मार्सेल प्रायोगिक वनात काळ्या स्प्रूसची एक पीटची दलदल आहे. पीट म्हणजे थंड, आम्ल, हवाबंद पाण्यात हजारो वर्षं अर्धवट कुजून साठलेलं मॉस. पृथ्वीच्या जमिनीपैकी अशा दलदली तीनेक टक्केच, पण मातीतल्या एकूण कार्बनचा अंदाजे तिसरा हिस्सा त्यांत आहे. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि अमेरिकेचा वनविभाग यांनी या दलदलीवर बारा मीटर व्यासाची, वरून उघडी, पारदर्शक भिंतींची दहा दालनं बांधली. प्रयोगाचं इंग्रजी लघुनावही ‘स्प्रूस’ असंच जुळवलं. अशा नावांची शास्त्रज्ञांना हौस असते. काही दालनांत तापमान होतं तसंच ठेवलं, बाकीच्यांत २.२५, ४.५, ६.७५ आणि ९ अंशांनी वाढवलं. निम्म्या दालनांत कार्बन डायऑक्साइड सुमारे ९०० पीपीएमपर्यंत चढवला. आधी २०१४ मध्ये खोलवरचं पीट तापवलं, २०१५ पासून हवेसकट सगळं. गरम हवा सोडणं तुलनेने सोपं. दलदलीच्या पोटात काही मीटर खाली ऊब पोचवून ती वर्षानुवर्षं, मिनेसोटाच्या हिवाळ्यातही, ठरल्या अंशावर टिकवणं हे इंजिनियरांचं काम होतं. प्रयोगाचे प्रमुख पॉल हॅन्सन यांच्या लेखांत विजेच्या तारा नि प्रोपेनच्या टाक्या परिसंस्थेइतक्याच प्रेमाने येतात.

पहिला निकाल दिलासा देणारा होता. नुसतं खोल पीट तापवलं तेव्हा मिथेन वाढला, पण तो वरच्या थरातून येत होता. खालचा पुरातन कार्बन जागचा हलला नाही. पण हवेसकट ऊब सुरू झाल्यावर चित्र झपाट्याने बदललं. हंगाम दोन्ही टोकांनी लांबला, वसंत लवकर आला, हिरवेपणा शरदात उशिरापर्यंत राहिला. तापमान जितकं जास्त तितका तो लांबला, कुठे थबकल्याचं चिन्ह नाही. सोप्या हिशेबाला हे पटेल. मग २०१६ च्या एप्रिलमध्ये थंडीची एक लाट आली. उबदार दालनांतल्या झाडांनी हिवाळी कवच आधीच उतरवून ठेवलं होतं. कोवळ्या वाढीला हिमदंश झाला. गार दालनांतली झाडं अजून झोपेत होती, त्यांचं काही बिघडलं नाही. उबेमुळे थंडीने मारणं, असा हा उलटा प्रकार.

पायाखाली याहून मोठं घडत होतं. दलदल उभी आहे ती स्फॅग्नम या मॉसवर. ते पाणी धरून ठेवतं, आपल्याभोवती आम्लता राखतं आणि स्वतः मरून पीट होतं. रिचर्ड नॉर्बी यांनी २०१९ मध्ये मांडलेल्या नोंदींनुसार जितकी ऊब जास्त तितकं स्फॅग्नम कमी झालं. सर्वांत गरम दालनांत ते वाळून मागे हटलं. दुसरीकडे अवनी मल्होत्रा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पाण्याची पातळी उतरल्यावर झुडपांच्या बारीक मुळांनी जमिनीत मुसंडी मारली. एकीकडे मॉस जातं, दुसरीकडे मुळं येतात, आणि आतापर्यंत हवाबंद असलेल्या साठ्यात हवा शिरते. २०२० मध्ये हॅन्सन यांनी जमाखर्च मांडला. प्रत्येक तापवलेलं दालन कार्बन गमावत होतं, आणि हजारो वर्षांत जो सरासरी वेगाने साठला त्याच्या साडेचार ते अठरा पट वेगाने. वाढीव कार्बन डायऑक्साइडने, ज्याला झाडांचं खत म्हटलं जातं, हा तोटा भरून काढला नाही. या सगळ्यात खुद्द काळा स्प्रूस बघ्याच्या भूमिकेत आहे. नाव त्याचं, हिशेब मॉसचा.

मॉसचं आणि बुरशीचं हे माहात्म्य उत्तर स्वीडनमध्ये आधीच कळू लागलं होतं. टॉर्गनी नॅशोम यांनी १९९८ मध्ये दाखवलं की तिथली झाडं, त्यांत नॉर्वे स्प्रूसही आला, नायट्रोजन कुजून खनिज होईपर्यंत थांबत नाहीत, अमिनो आम्लं तशीच उचलतात. पाठ्यपुस्तकातला नायट्रोजनचा रस्ता त्यामुळे आखूड झाला. २००२ मध्ये टॉम डेलुका यांना जमिनीवरच्या मऊ पिसासारख्या मॉसमध्ये राहणारे सायनोबॅक्टेरिया सापडले. हवेतला नायट्रोजन ते हेक्टरी वर्षाला दीड-दोन किलो बांधतात. आपल्या शेतीच्या हिशेबात चिल्लर, पण त्या उपाशी जमिनीत मोठी मिळकत. आणि २०१३ मध्ये कारिना क्लेमेन्सेन यांनी तळ्यांतल्या बेटांवरच्या जंगलांतून निष्कर्ष काढला की जमिनीत साठलेल्या कार्बनचा निम्म्याहून जास्त भाग वरून गळणाऱ्या पानांचा नसून मुळांचा आणि मुळांशी संसार मांडलेल्या बुरशीचा आहे. जंगलाचा कार्बन म्हणून आपण खोडं मोजत बसतो, तेव्हा खरा गल्ला जमिनीखाली असतो.

आगीच्या अभ्यासात नेमका हाच गल्ला कळीचा ठरला. काळा स्प्रूस आगीशी करार करून जगतो. त्याचे शंकू शेंड्याला झुबक्याने असतात आणि राळेने अर्धवट मिटलेले. आग शेंड्यापर्यंत चढली की राळ वितळते, शंकू उघडतात, बी राखेत पडतं. जमिनीवरचा ओला मॉसचा आणि अर्धकुजक्या पानांचा जाड थर फक्त वरवर जळतो, आणि उरलेल्या थरावर स्प्रूसचं रोप रुजतं, कारण इतर झाडांच्या बारीक बियांना तो मानवत नाही. शंभरेक वर्षांनी पुन्हा आग, पुन्हा स्प्रूस. जिल जॉनस्टन यांनी अलास्का आणि युकॉनमध्ये दोन दशकं या कराराच्या अटी तपासल्या. थर खोलवर जळून खनिज माती उघडी पडली की अॅस्पेन आणि बर्च आत घुसतात, आणि एकदा घुसले की पाचोळ्याने मॉस दाबून टाकतात, जागा सोडत नाहीत. जेनिफर बाल्टझर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये उत्तर अमेरिकाभरच्या १,५३८ जळक्या जागांच्या नोंदी जुळवल्या. जिथे आधी काळा स्प्रूस होता अशांपैकी ३८ टक्के ठिकाणी त्याचं वर्चस्व गेलं होतं आणि १८ टक्के ठिकाणी तो मुळीच परतला नव्हता. बाकी बहुसंख्य ठिकाणी परतला, हेही विसरायचं नाही.

झांथी वॉकर यांनी २०१४ च्या कॅनडातल्या वायव्य प्रदेशांतल्या आगींनंतर एक नेमका प्रश्न विचारला. जळलं ते यंदाच्या झाडांनी साठवलेलं, की आजोबा-पणजोबांनी? मागच्या आगीपूर्वीपासून जमिनीत टिकलेल्या कार्बनला त्यांनी ‘वारसा’ म्हटलं आणि रेडिओकार्बनने त्याचं वय काढलं. जुन्या ओलसर जंगलांत वारसा सुरक्षित राहिला. पण साठ वर्षांहून तरुण जंगलांपैकी जवळपास निम्म्या ठिकाणी तो जळायला लागला होता. व्याजावर चालणारं घर मुद्दल मोडायला लागावं तसं. आणि यात भर पडली २०२३ ची. त्या वर्षी कॅनडात दीड कोटी हेक्टरच्या आसपास जंगल जळलं, येलोनाइफ हे वायव्य प्रदेशांच्या राजधानीचं वीसेक हजार वस्तीचं शहर रिकामं करावं लागलं, आणि उपग्रहांवरून काढलेल्या अंदाजानुसार मे ते सप्टेंबरमध्ये सुमारे ६४.७ कोटी टन कार्बन हवेत गेला.

याच्याविरुद्धचा पुरावाही तितकाच भक्कम आहे आणि तो बातम्यांत येत नाही. मिशेल मॅक यांनी २०२१ मध्ये ‘सायन्स’मध्ये लिहिलं की अलास्कात स्प्रूसच्या जागी आलेली पानझडी झाडं इतक्या वेगाने लाकूड बांधतात की आगीच्या एका फेऱ्यात जळलेला कार्बन भरून वर शिल्लकही राहते. शिवाय ती सहजी पेटत नाहीत. त्यांच्या उघड्या फांद्यांमधून हिवाळ्यात बर्फ दिसतो, म्हणजे ऊनही परत जातं. जेम्स रॅंडरसन यांनी २००६ मध्येच एका जळलेल्या तुकड्याचा सगळा हिशेब मांडला होता. पहिल्या वर्षी आग हवामान तापवते. ८० वर्षांची सरासरी घेतली तर किंचित गारवाच पडतो, कारण काळं जंगल गेल्यावर तिथे पांढरा बर्फ उघडा राहतो. रिचर्ड बेट्स यांनी २००० मध्ये हेच उलट्या बाजूने सांगितलं होतं: बर्फाळ प्रदेशात नवी जंगलं लावून कार्बन कमावाल, पण काळोख्या छतामुळे ती कमाई गमावूही शकाल. वृक्षारोपणाच्या समारंभात हा मुद्दा कुणाला ऐकायला आवडत नाही. स्प्रूसचं वन गेलेलं चांगलं असा अर्थ मात्र मी यातून काढणार नाही. रेनडिअर, दगडफुलं, मॉस आणि त्यांवर जगणारी माणसं वॉट प्रति चौरस मीटरमध्ये मोजता येत नाहीत.

कीटकांकडे वळलो की ऊब सरळ खलनायक होते. सालीखाली राहणाऱ्या एका भुंगेऱ्याला अलास्काच्या थंडीत पिढी पूर्ण करायला दोन वर्षं लागत. उन्हाळे उबदार झाले तसं ते काम तो एका वर्षात उरकू लागला. १९९०च्या दशकात केनाई द्वीपकल्पासह दक्षिण-मध्य अलास्कात दहा लाखांहून जास्त हेक्टरवरचा स्प्रूस त्याने वाळवला. एड बर्ग यांनी दाखवलं तसं, सलग उबदार उन्हाळे आणि म्हातारी, तहानलेली झाडं हे दोन्ही एकत्र यावं लागलं. धडधाकट स्प्रूस भोक पाडणाऱ्या भुंगेऱ्याला राळेत बुडवतो. तहानलेल्याकडे राळ बनवायला पाणीच नसतं.

युरोपातल्या भुंगेऱ्याला जर्मन लोक ‘पुस्तक छापणारा’ म्हणतात. साल सोलली की आत अक्षरांच्या ओळींसारख्या कोरलेल्या वाटा दिसतात. २०१८ पासूनच्या कोरड्या वर्षांत त्याने मध्य युरोपात जे छापलं ते उपग्रहांनी वाचलं: एकट्या जर्मनीत साडेतीन वर्षांहून कमी काळात सुमारे पाच लाख हेक्टर जंगल गेलं. यात माणसाचा वाटा मोठा. स्प्रूस तिथे ‘भाकरीचं झाड’ मानला जायचा. डोंगराच्या गार माथ्यावरचं हे झाड दोनेकशे वर्षं सखल, उबदार जमिनीत रांगेने लावलं गेलं, महायुद्धानंतर तर झपाट्याने. भुंगेऱ्याने फक्त बिल वसूल केलं. बव्हेरियन फॉरेस्ट या जर्मनीच्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानात मात्र १९८३ च्या वादळात पडलेली झाडं उचलायची नाहीत असं ठरलं. भुंगेरा माजला, माथ्यावरचं जंगल करडं झालं, गावकरी खवळले. पडक्या ओंडक्यांवर पुढे स्प्रूसचीच दाट रोपं उगवली. स्वतःच्या जागी असलेलं झाड आणि आणून लावलेलं झाड यांत केवढा फरक असतो, ते बघायला याहून चांगली जागा नाही.

कोंब खाणाऱ्या अळीची कथा निराळी. तिच्या नावात स्प्रूस आहे, पण तिला खरं आवडतं बाल्सम फर. पूर्व कॅनडात ती तीस-चाळीस वर्षांनी उसळते आणि आपोआप ओसरते. १९५२ पासून न्यू ब्रन्सविकमध्ये तिच्यावर विमानांतून डीडीटी फवारलं. मिरामिची नदीतले सामन मेले आणि रेचल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये ती हकीकत गेली. याच अळीवर विचार करताना बझ हॉलिंग यांनी १९७३ मध्ये ‘लवचीकता’ ही कल्पना मांडली, जी आज विकासाच्या प्रत्येक अहवालात अर्थ हरवून फिरते. त्याआधी १९५८ मध्ये रॉबर्ट मॅकार्थर यांनी मेन आणि व्हरमाँटमध्ये एकाच स्प्रूसवर किडे टिपणाऱ्या पाच जातींच्या वटवट्यांकडे पाहत राहून दाखवलं की एक शेंड्याला, एक मधल्या भागात आत, एक खाली खोडाजवळ असं त्यांनी झाड वाटून घेतलं आहे. दुर्बीण, वही आणि चिकाटी एवढ्याच भांडवलावर परिसंस्थाशास्त्रातला एक अभिजात लेख झाला.

तांबड्या स्प्रूसचा धडा मला सर्वांत जास्त विचारात पाडतो. व्हरमाँटच्या कॅमल्स हंप डोंगरावरचा निम्मा स्प्रूस १९६५ ते १९७९ दरम्यान गेला, आणि आम्लवर्षेकडे बोट दाखवलं गेलं. त्याच सुमारास जर्मनीत सगळं जंगल मरणार अशी हाकाटी झाली. तसं झालं नाही, आणि नंतर तिची टिंगलही झाली. पण चेक-जर्मन-पोलिश सीमेवर गंधकाच्या धुरात उभ्या स्प्रूसचे डोंगरच्या डोंगर खरोखर मेले. तांबड्या स्प्रूसच्या बाबतीत यंत्रणा पुढे डॉन डीहेज आणि पॉल शाबर्ग यांनी उलगडली. आम्ल पाऊस पानांतल्या पेशींच्या आवरणांतलं कॅल्शियम धुऊन नेतो, त्याने झाडाची थंडी सोसायची ताकद कमी होते आणि त्याच्या हक्काच्या हिवाळ्यातच ते गारठतं. २००३ च्या हिवाळ्यात मोठी पानगळ झाली तेव्हा न्यू हॅम्पशायरच्या हबर्ड ब्रूकमध्ये, जिथे काही वर्षं आधी कॅल्शियम टाकलं होतं, त्या पाणलोटातली झाडं कितीतरी कमी करपली. वरून पाहणाऱ्याला वाटावं थंडीने मारलं. मारलं होतं दूरच्या वीजकेंद्रांच्या धुराने. हवा स्वच्छ करण्याचे कायदे झाले आणि अलीकडे या झाडांची वलयं पुन्हा रुंद होत आहेत.

हे झाड घाईचं नाही, अभ्यास मात्र घाईचे असतात. स्वीडनच्या फुलुफ्येलेट डोंगरावर जेमतेम पाच मीटर उंचीचा एक स्प्रूस आहे. लेफ कुलमान यांनी आपल्या कुत्र्याच्या नावावरून त्याला ‘ओल्ड चिक्को’ म्हटलं. खोड काही शतकांचं, पण त्याच्याखालचं लाकूड रेडिओकार्बनने ९,५५० वर्षांचं निघालं. खोड मेलं की मुळातून दुसरं येतं, जमिनीला टेकलेली फांदी मूळ धरते, वंश तोच. गार शतकांत तो झुडूप होऊन सरपटला, ऊब वाढली तशी त्याने मान वर काढली. स्वीडनमध्ये स्प्रूस उशिरा, पूर्वेकडून आला असं परागकणांवरून मानलं जात होतं, आणि १९१६ मध्ये परागकणांचं शास्त्र मांडणारे लेनार्ट फॉन पोस्ट स्वीडनचेच. कुलमान यांच्या पुराव्याने आणि २०१२ मध्ये नॉर्वेच्या तळ्यांतल्या गाळातल्या डीएनएने त्या कथेला धक्का दिला, त्यावर लगेच आक्षेपही आले. मार्सेलचा प्रयोग दहा वर्षांच्या बेताने आखलेला. चिक्कोच्या आयुष्याचा तो जेमतेम हजारावा भाग.

दीर्घ मोजणीचं सर्वांत आनंदी उदाहरण युकॉनमधल्या क्लुएनचं. १९८६ पासून दहा वर्षं चार्ल्स क्रेब्स यांच्या गटाने तिथल्या पांढऱ्या स्प्रूसच्या वनात ससे आणि लिंक्सचं दशवार्षिक चक्र कुंपणं घालून, खत टाकून, दाणापाणी देऊन उलगडलं. नुसतं अन्न वाढवलं किंवा नुसते शिकारी अडवले तर ससे दुप्पट-तिप्पट झाले, दोन्ही केलं तेव्हा अकरा पट. १९८७ पासून स्टॅन बूटिन यांनी शेजारीच तांबड्या खारींच्या कानांत बिल्ले घालायला सुरुवात केली आणि ते काम अजून चालू आहे. स्प्रूस बरीच वर्षं जवळपास काहीच बी देत नाही आणि मग एका वर्षी सगळी झाडं एकदम लगडतात. बी खाणाऱ्यांना बेसावध गाठायची ही युक्ती. खार मात्र बेसावध नसते. २००६ मध्ये बूटिन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सुगीच्या वर्षी खारी बी पिकण्याच्या कितीतरी आधी जास्त पिलं घालतात, एरवी जे क्वचित घडतं ते दुसरं वेतही काढतात, आणि तेही आदल्या वर्षीच्या तुटपुंज्या साठ्यावर. त्या हे कशावरून ओळखतात, कळ्यांच्या चवीवरून की आणखी कशावरून, यावर तर्क चालू आहेत. झाडांच्या सुगीचं नातं आदल्या उन्हाळ्यांच्या उबेशी आहे, म्हणजे तो जुना हिशेब इथे पुन्हा दारात उभा.

दर उन्हाळ्याच्या उत्तरार्धात क्लुएनला ठरलेल्या स्प्रूससमोर उभं राहून शेंड्याच्या एका बाजूला दिसणारे शंकू मोजतात आणि वहीत आकडा टिपतात. खारींनी तोवर आपला अंदाज बांधून पिलं मोठी केलेली असतात.